सासवण्याची म्हैस

अलिबागहून मांडव्याच्या बाजूला निघालेल्या एसटीतून तुम्ही सासवण्याला उतरता. पिशवीत कोरं स्केचबुक आणि 4बी पेन्सिल. शेवटचं चित्र काढलं ते शाळेत, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला. मग दहावी आली, क्लास आले, नोकरी आली. करमरकर शिल्पालयात शिरता आणि समोर म्हैस. गोठ्यातून सुटून आल्यासारखी. घडवलेली आहे हे पटायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात रस्त्यावरचे हॉर्न विरतात. झावळ्या तेवढ्या सळसळत राहतात.

विसावं शतक नुकतंच सुरू झालंय. गाव तेच, पण विजेचा एक खांब नाही. देवळाच्या भिंतीशी एक पोरगा पाठमोरा उभा आहे. हातात कोळसा आहे की गेरू, तुमच्या जागेवरून कळत नाही. भिंतीवर मात्र शिवाजी महाराज उमटताहेत. तुमची नजर त्याच्या मनगटावर खिळते. रेघ फसली तरी तो थबकत नाही, शेजारून दुसरी ओढतो. इथं मार्क द्यायला कोण बसलंय? हा विनायक पांडुरंग करमरकर, जन्म 1891चा. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड गावात येतील, हे चित्र पाहतील आणि पोराची जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सोय लावतील. साहेबांचा दौरा भलत्याच गावी गेला असता तर? असो.

कलकत्ता, लंडनची रॉयल अकॅडमी भराभर मागं पडतात. 1928, पुणे. तुम्ही गर्दीत टाचा उंचावून उभे. समोर अश्वारूढ महाराज, ब्राँझचे. घोडा आणि स्वार मिळून एकसंध ओतलेले. विषय भिंतीवरचाच, पण मधल्या वर्षांत नजर तयार झालीय. तीच नजर पुढं सासवण्याला परतते, कोळणीवर ठरते आणि तिची ‘मत्स्यगंधा’ होते, म्हशीवरही ठरते. मला विचाराल तर पुण्याच्या घोड्यापेक्षा ही म्हैस अवघड. महाराज कसे दिसत होते ते पाहिलेलं कुणी हयात नाही. म्हैस मात्र गावातला प्रत्येकजण रोज बघतो, चुकलेली लगेच पकडतो.

आता खडूचा वास, तुमच्याच शाळेतला. एलिमेंटरीचा सराव, वस्तुचित्राचा तास, टेबलावर बादली. तुमच्या कागदावर बादलीचं तोंड बांगडीसारखं गोल झालंय, कारण ते गोल असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. सर मागून वाकतात. “ठाऊक आहे ते नको काढूस, दिसतं ते काढ.” तेव्हा तुम्ही मान डोलावता आणि गुपचूप खोडरबर उचलता.

पुन्हा सासवणे. खोडरबर आणायचं राहिलंय, बरंच झालं. तुम्ही म्हशीची पाठ काढता. फार सरळ आली, म्हणून शेजारून दुसरी. मान जमते. शिंगाशी हात अडतो. सहलीला आलेल्या पोरांतला एकजण खांद्यावरून डोकावतो.

“गाय आहे का?”

“म्हैस.”

“मग शिंग असं नसतं. बघा ना, मागं वळतं.”

खरंच वळतं.