भुकेलं मन

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण ती पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली, त्याने भूक जवळून पाहिलेली असणार. पोट रिकामं असलं की देवाचं नाव घेण्याचीही उमेद उरत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्या जिल्ह्यानेही हे अनुभवलं आहे. १९७२च्या दुष्काळाची आठवण निघाली की तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली वडीलधारी माणसं दोन शब्द हमखास उच्चारतात : मिलो आणि सुकडी. मिलो ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तर सुकडी दुष्काळी कामांवर वाटली जाई. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं खडी फोडण्यासारख्या कामांवर होती. अशा दुष्काळाचा हिशोब आपण विहिरी, जनावरं आणि क्विंटलमध्ये मांडतो. माणसं गप्प झाली, चिडखोर झाली, यासाठी त्या हिशोबात रकाना नसतो.

तो रकाना दूर अमेरिकेत, आधीच भरला गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपाशी युरोपला पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे मिनेसोटा विद्यापीठातल्या अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाला शोधायचं होतं. हाती शस्त्र घ्यायला नकार देणारे ३६ तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. १९४५ मध्ये त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटलं. पण नवल पुढेच आहे. तब्येतीने आणि मनाने खंबीर म्हणून निवडलेली ही मुलं उदास झाली. हसणं थांबलं, मित्र नकोसे झाले, डोक्यात रात्रंदिवस अन्नच. पुन्हा जेवण मिळू लागल्यावरही मनाला उभारी यायला कित्येक महिने लागले.

कुणी म्हणेल, उपास तर आपणही करतो. खरं आहे. मी रमजानचे रोजे ठेवतो, शेजारी एकादशी धरतात. पण उपास सुटण्याची वेळ ठरलेली असते. मगरिबची अजान होणार आणि हातात खजूर येणार, हे रोजेदाराला माहीत असतं. दुष्काळातल्या भुकेला अजान नसते.

अशा भुकेशी गाठ पडली ती डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याची. १९७० मध्ये ते जामखेडला आले ते आरोग्याचं काम करायला. लोकांना मात्र आधी हवं होतं पाणी आणि अन्न. दोघांनी हे ऐकून घेतलं. विंधनविहिरी झाल्या, गावांच्या मदतीने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. पुढे गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकी दलित समाजातल्या होत्या. औषधांच्या नावांइतकाच महत्त्वाचा धडा होता, ‘मलाही किंमत आहे’ हा. भाकरी आणि मान, दोन्ही एकाच ताटात वाढले गेले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता विज्ञानही त्याच वाटेने चाललं आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नैराश्याच्या ६७ रुग्णांचा बारा आठवडे केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे उपचार चालूच होते. ज्यांचा आहार सुधारला, त्यांच्यातले ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना नुसती गप्पांची सोबत होती, त्यांच्यातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे. नैराश्य नुसत्या भाजीभाकरीने पळतं, असं कुणी समजू नये. त्याला डॉक्टर हवाच. पण औषध लिहिताना ताटाची चौकशीही हवी.

ही चौकशी घरापासून करू या. आजही कितीतरी घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते. लोह कमी पडतं, ब-१२ कमी पडतं, आणि ती थकते, विझते. आपण तिला सुस्त म्हणतो, किरकिरी म्हणतो. दुष्काळ सरला, तरी तिच्या ताटातला सरलेला नसतो. ‘जेवलीस का?’ हा आपल्याकडचा साधा प्रश्न. तो तिला विचारावा, आणि उत्तर ऐकायला थांबावं.