रंगाची ओल

देवगाव नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. परंतु कन्नड तालुक्यातल्या आपल्या देवगावाने नावापुढे 'रंगारी' हा शब्द बाळगला आहे. गावाची ओळख सांगताना पाटील, देशमुख किंवा सरदार यांपैकी कोणाचे नाव घेतले नाही. घेतले ते मनगटापर्यंत हात रंगलेल्या कारागिराचे. ही गोष्ट आम्हांला मोठी समाधानाची वाटते. आणि हे गाव ज्या मुलखात आहे तो मुलूखच मुळी रंगाचा आहे. त्याच तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत व तेथल्या खांबांवर अजून चित्रांच्या आकृती दिसतात. वेरूळच्या कैलासाला लोक रंगमहाल म्हणत, कारण त्याच्या दगडावर एकेकाळी गिलावा व रंग होता. आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अजिंठा आहे. त्याच्याविषयी निराळे सांगणे नको.

चित्रांच्या सौंदर्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आज आम्ही चित्रकाराच्या एका अगदी घरगुती अडचणीविषयी बोलणार आहोत. ती अशी की, काम संपेपर्यंत रंग ओला कसा ठेवावा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात ज्याने चित्राला हात घातला आहे त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही. वसंत ऋतू येथे पंचांगात असतो. अंगणात उन्हाळाच असतो. पारा चाळिशी ओलांडतो, हवेत ओलावा नावाला उरत नाही, आणि कुंचला पाण्यात बुडवून परत येईपर्यंत पॅलेटवरच्या रंगाला साय धरते.

रंगाऱ्याला ही अडचण कमी. त्याचा रंग पिंपात असतो आणि कापड रंगाकडे चालत येते. चित्रकाराचा रंग मात्र वाटाण्याएवढा असतो आणि चित्रकार विचार करीत बसला असता त्याला वाट पाहावी लागते. रंगाने धीर धरावा यासाठी माणसाने जे उपाय केले, त्यांतच चित्रकलेचा निम्मा इतिहास दडलेला आहे असे आमचे मत आहे.

प्रथम रंग वाळतो म्हणजे काय होते ते पाहू. गेरू, पिवळी माती, काजळ ही द्रव्ये नुसती पूड आहेत. त्यांना भिंतीशी किंवा कागदाशी जखडून ठेवणारा एक बांधणारा पदार्थ लागतो. तो सरस असेल, डिंक असेल किंवा तेल असेल. पूड कधी वाळत नाही. वाळतो तो हा बांधणारा. म्हणून रंग ओला ठेवणे म्हणजे त्या बांधणाऱ्याची मर्जी सांभाळणे होय.

अजिंठ्याच्या चित्रकाराने ही मर्जी कशी सांभाळली? इटलीतल्या चित्रकारांची एक प्रसिद्ध रीत होती. चुन्याचा ताजा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावावयाचा, म्हणजे चुना वाळताना रंगाला पोटात घेतो. तेथे ओल ठेवावी लागते ती भिंतीत, आणि एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवावा लागतो. अजिंठ्याची रीत याच्या उलट. तेथे खडबडीत कातळावर मातीचा लेप दिलेला आहे. त्यात वनस्पतींचे तंतू, तूस व वाळू आहे. वर पांढऱ्या रंगाचा पातळ हात आहे. हा थर वाळल्यावर त्यावर सरसाने किंवा डिंकाने बांधलेला रंग चढवला आहे. लाल व पिवळी माती, काजळ, पांढरी माती, हिरवी माती ही द्रव्ये देशीच होती. निळा रंग देणारा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानाकडून आला. म्हणजे अजिंठ्यात भिंत कोरडी होती आणि ओल सांभाळावयाची होती ती भांड्यात.

ती कशी सांभाळत याचा पुरावा दूर शोधावयास नको. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या वेशीवरचेच. राजाच्या ह्या ग्रंथात चित्रकाराचा सरस करण्याची कृती आलेली आहे. म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवावे, त्याच्या कांड्या करून वाळवाव्यात आणि कामाच्या वेळी गरम पाण्यात विरघळवून रंगात मिसळाव्यात. ह्याला वज्रलेप म्हणत. सरसाचा स्वभाव असा की तो निवला की थिजतो आणि ऊब दिली की पुन्हा वाहू लागतो. तेव्हा सरसाने काम करणाऱ्याला पाण्याबरोबर विस्तवाचीही सोबत लागते. राज्य चालविणाऱ्या पुरुषाला सरस शिजविण्याची कृती लिहून ठेवावीशी वाटली, यावरून त्या काळी कारागिरीची प्रतिष्ठा किती होती ते कळते.

पुढे चित्र भिंतीवरून कागदावर उतरले आणि सरसाच्या जोडीला डिंकाचे महत्त्व वाढले. डिंकाचा गुण मोठा उपकारक आहे. तो वाळला तरी रुसत नाही. पाण्याचा थेंब पडला की पुन्हा जागा होतो. लघुचित्रे काढणारे कारागीर शिंपल्यात रंग ठेवीत. संध्याकाळी तो वाळून जाई. सकाळी थेंबभर पाणी घालून बोटाने घोटला की पुन्हा कामाला तयार. शिंपला गुळगुळीत, रंग शोषून न घेणारा आणि फुकट मिळणारा. याहून चांगले पॅलेट कोणते?

परंतु नुसता डिंक वाळला की तडकतो. त्यावर मधाचा उपाय निघाला. मध हवेतला ओलावा ओढून घेतो व धरून ठेवतो. इंग्लंडात रीव्ह्‌ज बंधूंनी जलरंगाच्या सुबक वड्या केल्या आणि त्याबद्दल १७८१ साली तेथल्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सने त्यांना चांदीचे पॅलेट बक्षीस दिले. पुढे १८३५ च्या सुमारास विन्सर व न्यूटन यांनी ग्लिसरीन घालून मऊ जलरंग तयार केले. काम तेच, ओल धरून ठेवण्याचे. आपल्याकडे जलरंगांना मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे नाव अग्रभागी येते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले त्यांचे समई घेतलेल्या मुलीचे चित्र 'ग्लो ऑफ होप' या नावाने ठाऊक नाही असा रसिक विरळा. तो उजेड जलरंगातला आहे. हातावरच्या त्या प्रकाशाचा कोठे आरंभ आणि कोठे शेवट हे सांगता येत नाही, ते रंग ओला असतानाच साधते. रंग वेळेआधी वाळला असता तर तेथे रेघ उमटली असती.

तेलरंगाची तऱ्हा आणखी निराळी. पाणी उडून जाते म्हणून जलरंग वाळतो. तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. ह्या कामी युरोपात जवसाचे तेल वापरतात. जवस लवकर वाळते पण पिवळे पडते. करडईचे तेल सावकाश वाळते आणि पिवळेही कमी पडते, म्हणून पांढऱ्या व निळ्या रंगासाठी त्याचा उपयोग करतात. मराठवाड्याच्या रब्बीच्या शेतात एका बांधाला जवस व दुसऱ्या बांधाला करडई पाहिलेल्या आपल्या लोकांना हे ऐकून मौज वाटेल. तेलरंगाला हवा लागू नये म्हणून काही चित्रकार रात्री पॅलेट पाण्यात बुडवून ठेवतात, काही रंगात लवंगेच्या तेलाचा थेंब घालतात. विकत मिळणारा तयार रंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून येई. एकदा टोचली की ती पुन्हा नीट बंद होत नसे. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि ही कटकट मिटली. आपल्याकडे १९३१ साली शाईच्या व्यवसायाने आरंभ केलेल्या दांडेकर बंधूंच्या कॅम्लिनने पुढे रंग करावयास घेतले आणि ही नळी शाळेच्या दप्तरापर्यंत पोचली.

ह्या सोयीबरोबर एक जुनी विद्या मात्र मागे पडली. रंग स्वतः घोटणाऱ्याला आपला रंग कशाने बांधला आहे, तो कोठे ओला राहावा आणि कोठे कोरडा, हे हाताने कळत असे. नळी पिळणाऱ्याला ते कळेलच असे नाही. ह्या अज्ञानाची किंमत कोणाला मोजावी लागली? आपल्या अजिंठ्याला.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणी पडली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करण्यास नेमले. त्यांनी अनेक वर्षे खपून तेलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्याबरोबर होते. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. तेलातल्या नकला दोनदा जळाल्या. मातीच्या भिंतीवरचे सरसाचे मूळ मात्र दीड हजार वर्षे टिकून होते.

परंतु मुळालाही धक्का लागला होता. कोरडे, धुरकटलेले चित्र नीट दिसावे, रंग ओल्यासारखे चमकावेत म्हणून भिंतीवर व्हार्निश चढविण्यात आले. पुढे निजाम सरकारने, गुलाम यझदानी पुरातत्त्व खात्याचे संचालक असताना, चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना आणविले. १९२० नंतरच्या त्या कामात सुटलेला गिलावा पुन्हा बसविला गेला व त्यामुळे पुष्कळ चित्रे पडावयाची वाचली. हे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्यांनीही वर लाखेचा लेप दिला. काळाने व्हार्निश पिवळे पडले, लाख काळवंडली. दोन्ही आकसताना खालच्या नाजूक रंगाचे पापुद्रे ओढू लागली. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हे लेप बोटाबोटाने सोडवीत बसावे लागले.

ह्या नकलाकारांत एक बाई वेगळ्या तयारीने आल्या होत्या. लेडी हेरिंगहॅम यांनी चेन्नीनो चेन्नीनी या जुन्या इटालियन कारागिराच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८९९ साली प्रसिद्ध केले होते. पाण्यात घोटलेला रंग लहान भांड्यात घालून वर पाणी राखावे आणि धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवावे, हे त्यात सांगितले आहे. १९०९ ते १९११ ह्या दोन हिवाळ्यांत त्या अजिंठ्यात राहिल्या. नंदलाल बोस, असितकुमार हळदार, हैद्राबादचे सय्यद अहमद असे तरुण त्यांच्या सोबत होते. रंग घोटण्याची विद्या हाताखाली असलेल्या माणसाने अजिंठ्याकडे पाहावे, असा योग त्यापूर्वी क्वचितच आला असेल.

आज अ‍ॅक्रिलिक रंगाचा जमाना आहे. तो मिनिटांत वाळतो आणि वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. डिंकासारखा पुन्हा जागा होत नाही. त्यासाठी चित्रकार पसरट डबीत भिजवलेला स्पंज ठेवतात, त्यावर तेलकट पदार्थ भाजताना वापरतात तसला कागद अंथरतात आणि त्या कागदावर रंग काढतात. खालची ओल कागदातून हळूहळू झिरपते. झाकण लावले की रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. ही युक्ती नवी म्हणून विकली जाते. आपल्या घरातल्या बायका भिजवलेल्या कणकेवर ओले फडके टाकतात आणि पानवाला विड्याच्या पानांवर ओला गोणपाट टाकतो, त्याहून तिच्यात निराळे काही नाही.

आमचे सांगणे एवढेच. ओल ही कामाची सोबतीण आहे. काम चालू आहे तोवर तिला जपावे. शिंपल्यात, भांड्यात, ओल्या कागदाखाली, जेथे जमेल तेथे. काम संपले की चित्राला सुखाने कोरडे होऊ द्यावे. वाळलेल्या चित्राला पुन्हा ओले दाखविण्याचा हव्यास धरला की काय होते, ते अजिंठ्याच्या भिंती सांगत आहेत. आपण लेणी पाहावयास जातो तेव्हा मंद उजेडात रंग फिके दिसतात म्हणून कुरकुरतो. त्या वेळी थोडे थांबावे, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. आपल्या श्वासाची वाफसुद्धा त्या मातीच्या थराला भारी पडते. कोरडेपणानेच त्या रंगांचे इतकी शतके रक्षण केले आहे. नावात रंगारी बाळगणाऱ्या मुलखातल्या माणसांनी तरी हे विसरू नये.