स्नायुऊतींचे संरक्षण आणि रक्ताच्या पुनर्प्रवाहाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रक्तपुरवठा खंडित झाल्यास स्नायू मृत होतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु तोच पुरवठा पूर्ववत होतानाही स्नायूची हानी होते, हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच उशिरा उमगले. ही हानी टाळण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हानीची ओळख :
इ.स. १९४१ मध्ये बायवॉटर्स व बील यांनी लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली अडकलेल्या चार रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुटकेच्या वेळी बऱ्या वाटणाऱ्या या रुग्णांची मूत्रपिंडे पुढे निकामी झाली. दाब हटताच चिरडलेल्या स्नायूत रक्त परतते आणि तेथील पोटॅशियम व मायोग्लोबिन शरीरभर पसरतात, असा त्याचा उलगडा झाला. १९६० मध्ये जेनिंग्ज व सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयस्नायूतील पुनर्प्रवाहोत्तर बदल नोंदविले. परतणाऱ्या प्राणवायूपासून निर्माण होणारी मुक्त मूलके आणि पेशीत साचणारे कॅल्शियम ही या हानीची प्रमुख कारणे मानली जातात.

संरक्षणाचा शोध :
१९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठातील मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांची हृदयरोहिणी प्रत्येकी ५ मिनिटे असे चार वेळा बंद करून नंतर ती ४० मिनिटे रोखली. अपेक्षेच्या उलट, मृत भाग तुलनागटाच्या सुमारे २५ टक्केच आढळला. मात्र रोहिणी ३ तास बंद ठेवल्यावर हा लाभ दिसला नाही. म्हणजेच या उपायाने पेशींचा मृत्यू टळत नव्हता, तर लांबत होता.

हृदयविकाराचा झटका पूर्वसूचना देत नसल्याने हा उपाय रुग्णांना देणे कठीण होते. २००३ मध्ये झाओ व सहकाऱ्यांनी पुनर्प्रवाहाच्या आरंभी ३० सेकंदांच्या अंतराने रक्त थांबवून-सोडूनही कुत्र्यांत संरक्षण मिळते, असे दाखविले. दंडावरील पट्टा फुगवून दूरस्थ संरक्षण देण्याची पद्धतही पुढे आली.

कसोटी :
तथापि, २०१५ मधील सायक्लोस्पोरिनच्या मोठ्या चाचणीत आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,४०१ रुग्णांवरील दंडपट्ट्याच्या चाचणीत अपेक्षित लाभ आढळला नाही. प्रयोगशाळेतील प्राणी बहुधा तरुण व निरोगी असतात. रुग्ण मात्र वयस्क, मधुमेहासारख्या विकारांनी ग्रस्त आणि अनेक औषधे घेणारे असतात. ही तफावत अपयशाचे एक संभाव्य कारण मानली जाते.

समारोप :
पुनर्प्रवाह हानिकारक ठरू शकतो, म्हणून तो लांबविणे योग्य नव्हे. त्यावाचून स्नायू वाचतच नाही. रोहिणी शक्य तितक्या लवकर मोकळी करणे हाच आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. संरक्षणाच्या अन्य उपायांचे मूल्य रुग्णांवरील कसोटीवरच ठरेल, हा या इतिहासाचा बोध होय.