विडी, उपकर आणि नगरच्या बायका

धूम्रपान कमी करायला सरकारनं काय काय केलं? आपल्याला पटकन आठवतं ते म्हणजे २००३ चा कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासूनची सार्वजनिक जागांवरची बंदी, २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा आणि २०१९ ची ई-सिगारेटबंदी.

पण आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, या गोष्टीला दुसरी बाजू आहे. नगर आणि संगमनेर ही विडीची जुनी गावं. नगरच्या पद्मशाली घरांतल्या कितीतरी बायका तेंदूची पानं घरी आणून, कातरून, तंबाखू भरून विड्या वळत आल्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं.

अशा कामगारांसाठी केंद्रानं १९७६ साली कायद्यानं कल्याण निधी काढला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरांसाठी मदत. पैसा कुठून? विडीवरच्याच उपकरातून! म्हणजे एक खातं सांगणार ओढू नका, आणि दुसऱ्याचा निधी विड्या खपल्या तरच भरणार. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरही गेला.

विडी कमी व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. वळणारीच्या नाकातोंडातही तंबाखूची धूळ जातेच की. पण व्यसनमुक्तीचा हिशोब मांडताना तिच्या हाताला दुसरं काम काय, हा रकाना रिकामा ठेवून कसं चालेल?