अहमदनगर शहरातील भाड्याची घरे आणि भाडे नियंत्रण कायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने वसविलेले अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) दीर्घकाळ वेशींच्या आत सामावलेले होते. स्वातंत्र्योत्तर काळात सावेडी, केडगाव ही उपनगरे वाढली व २००३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. या विस्ताराबरोबर निवाऱ्याच्या प्रश्नाचे स्वरूपही बदलले.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. वाड्यांतील जुन्या भाडेकरूंना त्यामुळे आधार मिळाला. परंतु तेवढ्या भाड्यात मालकांना दुरुस्ती परवडेना आणि नव्या खोल्या भाड्याने देण्यास ते धजेनात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरविली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने वार्षिक ४ टक्के भाडेवाढीस मुभा दिली व लेखी, नोंदणीकृत करार बंधनकारक केला.

उपनगरात नव्याने येणारा विद्यार्थी किंवा नागापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार मात्र बहुधा लीव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. प्रमाण भाड्याचे संरक्षण त्याला नाही. मुदत संपताच भाडे नव्याने ठरते. तात्पर्य, कायद्याने घरात असलेल्यास राखले. घर शोधणाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला.