ॲव्हरेज : मूळचा तोटा

‘ॲव्हरेज किती देते?’ गाडी घ्यायला गेलेला मराठी माणूस हा प्रश्न कधी कधी किमतीच्याही आधी विचारतो. हा शब्द मुळात नुकसानीचा आहे, हे त्याच्याही गावी नसते आणि विकणाऱ्याच्याही.

अरबीत ‘अवार’ म्हणजे मालातली खराबी. (आपले ‘नुकसान’सुद्धा अरबीच, फारसीच्या वाटेने आलेले.) भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याची इटालियन ‘अवारिया’ झाली, फ्रेंचांत ‘अव्हारी’, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी तिला ‘डॅमेज’चे शेपूट जोडले.

पण नुकसानीची सरासरी झाली कशी? वादळात जहाज हलके करायला माल समुद्रात फेकावा लागे. कोणाचा? हाताशी येईल त्याचा. बाकीच्यांचा माल त्याच्या जिवावर वाचला, तेव्हा तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. ही रीत शब्दाहून कितीतरी जुनी, इ.स. ५३३च्या जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात ती ऱ्होड्स बेटाच्या नावावर आहे.

हिशेब असा. जहाज ६० लाखांचे, माल ४० लाखांचा, त्यातला १० लाखांचा फेकला. एक कोटीत दहा लाख गेले, म्हणजे ज्याच्या-त्याच्या डोक्यावर दहा टक्के. जहाजमालकाचे सहा लाख, मालवाल्यांचे चार. ज्याचा माल बुडाला त्यालाही त्याचा दहावा हिस्सा सुटत नाही, त्याच्या हाती नऊच लाख पडतात. बरोबरच आहे, नाहीतर सगळ्यांना झळ लागली आणि बुडालेला तेवढा कोरडा राहिला, असे व्हायचे. या वाटणीवरूनच पुढे अठराव्या शतकात या शब्दाचा गणितातल्या सरासरीचा अर्थ निघाला.

जहाजधंद्यात जुना अर्थ अजून शाबूत आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज आडवे अडकले, सहा दिवसांनी सुटले आणि त्याच्या मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ पुकारला. म्हणजे सुटकेच्या खर्चाचा वाटा मालाला ओरखडाही न आलेल्या व्यापाऱ्यांवर. तो देण्याची हमी दिल्याशिवाय त्यांना कंटेनर मिळणार नव्हते.

आपल्याकडे हा अर्थ भेटतो तो आगीच्या विम्यात. दुकानात दहा लाखांचा माल, पण हप्ता वाचवायला विमा पाचच लाखांचा. त्यातला चार लाखांचा माल जळाला, तर पॉलिसीतले ‘ॲव्हरेज’चे कलम पुढे करून कंपनी दोनच लाख देते. बाकीच्या निम्म्या मालाचा विमा दुकानदाराने स्वतःच उतरवला होता, असे ते कलम धरून चालते.