तळटीप १४ : ‘तिनंच करणी केली’

१४. करणीचा आळ. युरोपात चेटकिणींवर न्यायालयांत रीतसर खटले चालले; पंधराव्या ते अठराव्या शतकात सुमारे ४० ते ६० हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मृत्युदंडाला गेली. कोल्हापूर भागात निवाडा करी तो देवऋषी. मूल दगावले, पीक गेले, म्हैस आटली की कौल लावायचा. बोट बहुधा एकट्या विधवेकडे किंवा जमिनीच्या वादातल्या भावजयीकडे वळे. दप्तरी नोंद नसल्याने अशा बायकांची गणती होणे नाही. सातपुड्यातल्या ‘डाकीण’ प्रथेबद्दल मात्र इंग्रज अमलातले कागद सापडतात.

लेखकाने वर्णिलेल्या काळात निव्वळ अशा आरोपासाठी स्वतंत्र कलम नव्हते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी दीर्घ लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी करते, रोगराई पसरवते किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. दुधाचा उल्लेख अनुसूचीत नावानिशी आहे. घरोघरी म्हैस असलेल्या या जिल्ह्यात त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. — संपा.